डब्यात तूरडाळ

सासूबाईंच्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, दातांचा अर्धगोल व्रण आहे. ते दात माझे. नात्यात कुत्रं चावल्याची गोष्ट चालते, आणि ती सांगताना सासूबाई त्या कुत्र्याचा रंगसुद्धा सांगतात. मी शेजारी बसून मान डोलावते.

माझ्या नाकावर राग असतो हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत मी एका मुलीच्या डोक्यात पाटी घातली होती, आणि लग्न ठरताना माझ्या मोठ्या भावाने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जेवायला वेळेवर दे, मग काही नाही करत." तरी सासूला चावणारी सून मी होईन असं मलाही वाटलं नव्हतं.

आम्ही तेव्हा सिल्वासाजवळ नरोलीत राहत होतो. एका ओळीत दहा खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक गटार, मागे कंपनीची भिंत. नवरा आणि मी दोघेही शिरपूरकडचे. तो सुताच्या कंपनीत मशीनवर, मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये. धाग्याची जाडी मोजायची, किती ताण दिल्यावर तो तुटतो ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम.

पोर झाली तेव्हा मला टायफॉइड झाला आणि अंगावरचं दूध आटलं. साधी पावडर सुरू केली, तर तिसऱ्या दिवशी तिच्या अंगभर गांधी उठल्या आणि शी रक्ताची झाली. सिल्वासाच्या बालडॉक्टर बाईंनी तिला उलटंपालटं करून बघितलं आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, "दुधाची ॲलर्जी आहे. गाय नाही, म्हैस नाही, बकरी तर मुळीच नाही. एक थेंबही नाही. पुढच्या वेळी गांधींवर भागेल असं समजू नका." मग त्यांनी एका खास पावडरीची चिठ्ठी दिली. दुधातलं जे बाधतं ते आधीच फोडून टाकलेलं असतं म्हणे त्यात. चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही, आणि पुष्कळदा चिठ्ठी असूनही मिळत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

पहिला डबा उघडला तेव्हा नवरा म्हणाला, "उंदीर मेलाय का कुठे?" वासच तसा होता. भिजलेलं गोणपाट आणि नासलेले बटाटे. पोरीने पहिले दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी भुकेपुढे हार मानली आणि मग अशी प्यायला लागली की बाटली काढून घेतली तर किंचाळायची. महिन्याभरात तिच्या मांडीला वळ्या पडल्या. त्या वळ्यांत अंगाची पावडर लावताना मला इतका आनंद व्हायचा की मी उगाच दोनदा लावायची.

डबा जेमतेम चार दिवस जायचा. सिल्वासात तो एकाच मेडिकलमध्ये यायचा, तोही मागवला तर. सुरुवातीला दोन-दोन मिळायचे. मग एकेक. मग काउंटरवरचा माणूस मी पायरी चढायच्या आतच मान हलवायला लागला. "बेन, माल नथी. उपरथी ज नथी आवतो." वरून म्हणजे कुठून, असं मी विचारलं की तो छताकडे बोट दाखवायचा.

घरात एका दिवसाची पावडर उरली तेव्हा मी त्याच्या काउंटरवरून हात घातला आणि त्याची कॉलर धरली. त्याने माझा हात झटकला, तर मी दुसऱ्या हाताने त्याच्यासमोरची खोकल्याच्या औषधांची अख्खी रांग खाली लोटली. बाटल्या फुटल्या, लाल चिकट ओघळ पायरीपर्यंत आला. दोन गिऱ्हाइकांनी मला धरून बाहेर काढलं. माझ्या मुठीत त्याच्या शर्टाचं एक बटण राहिलं होतं, आणि बटण पाण्यात कालवून पोरीला पाजता येत नाही.

त्या दिवशी नवरा दांडी मारून बाइकवर निघाला. दुकानदारांना दाखवायला रिकामा डबा सोबत घेतला. गुजरातेत शिरताना नाक्यावर पोलिसांनी त्याला थांबवलं. तिकडे दारूबंदी, सिल्वासातून दारू घेऊन जाणारे रोजचेच, म्हणून पिशवी उलटी केली. डबा बघून त्यांना वाटलं, ह्यात क्वार्टर लपवली असणार. झाकण काढून एकाने आत नाक घातलं आणि आईवरून शिवी देऊन डबा रस्त्यावर फेकला. भिलाड, वापी, दमण, सगळीकडे नकार. शेवटी वलसाडला एक डबा मिळाला. एकच. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा डबा त्याने शर्टाच्या आत, पोटाशी धरला होता.

सासूबाई आदल्याच आठवड्यात गावाहून आल्या होत्या. माझी रजा संपत होती आणि पोरीला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. त्यांच्या दारात आयुष्यभर म्हशी. त्यांचा नवरा लवकर गेला, चार मुलं त्यांनी दुधावर वाढवली आणि दूध विकून शिकवली. गावात कुणाच्याही घरी बाळ झालं की पहिला तांब्या त्यांच्या गोठ्यातून जायचा. अशा बाईला मी सांगत होते की दूध विष आहे.

"मन्हा चार पोरं म्हशीना दूधवर वाढनात," त्या म्हणाल्या. "दूध कोनले बाधस का?"

"हिला बाधतं, आई."

"डॉक्टरले काय, डबा इकना ऱ्हास."

मी नवऱ्यासमोर त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. रक्ताचं सांगितलं, थेंबाचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावली म्हणजे पटलं असं मी धरून चालले. पालथ्या घड्यावर पाणी होतं ते, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळायला हवं होतं.

वलसाडचा डबा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावर रुजू झाले. पहिली पाळी. निघताना दोन बाटल्या करून ठेवल्या आणि सांगितलं, तिसरी लागली तर नवा डबा फोडा, एवढं पाणी, एवढे चमचे, चमचा वरून सपाट करायचा. साडेतीनला परत आले तेव्हा आधी गटार दिसली. पाणी पांढरट झालं होतं आणि तो वास येत होता.

दारात उन्हाला डबा पालथा नव्हता, सुलटा होता. आतून-बाहेरून राखेने घासून लख्ख केलेला. त्यात तूरडाळ भरली होती, काठोकाठ.

आमच्याकडे डबा कुणी फेकत नाही. बिस्किटांचा असो की रंगाचा, रिकामा झाला की घासून त्यात काहीतरी भरायचं, हे आपोआप होतं. मी स्वतः आधीच्या डब्यांत पोहे आणि शेंगदाणे ठेवले होते. पण हा डबा रिकामा झाला नव्हता, त्यांनी केला होता. त्यांनी नव्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत तोच वास. जुन्याचा वास त्यांना शिळेपणाचा वाटला होता, आणि आता नवासुद्धा तसाच म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली. लेक एवढ्या उन्हातान्हात चार गावं पालथी घालून आला आणि दुकानदाराने सडका माल त्याच्या गळ्यात मारला. नातीच्या पोटात तो जाऊ नये म्हणून त्यांनी सगळी पावडर गटारीत ओतली. मग डेअरीवर जाऊन अर्धा लिटर दूध आणलं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी आत पाहिलं ते एवढंच. सासूबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या, पायांच्या खोबणीत पोर उताणी, तिचे दोन्ही हात त्यांच्या डाव्या हातात दाबलेले, आणि उजव्या हातात बोंडलं. गावाकडे तान्ह्या बाळाला असंच पाजतात, पायावर घेऊन, हलू न देता. पोरीचे ओठ सुजून उलटे झाले होते. ती रडत नव्हती. रडायचा प्रयत्न करत होती आणि घशातून शिट्टी येत होती.

"व माय, आली का तू? बघ ना, ठसका लागना हिले," असं म्हणत त्यांनी बोंडलं पुन्हा तिच्या तोंडाकडे नेलं. ठसका दुधानेच जिरवायचा असतो ना.

मी ओरडले की नाही आठवत नाही. मी गुडघ्यांवर पडले, एक हात पोरीच्या मानेखाली घातला, दुसऱ्याने तिला ओढलं. त्यांना वाटलं मी पोर पाडणार. त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं आणि उजवा हात माझ्या आणि पोरीच्या मधे आडवा घातला. म्हशी आवरलेला हात तो, हलेना. माझे दोन्ही हात पोरीखाली अडकलेले, आणि समोर तो हात, काळा, शिरांचा, बोटांवरून दूध ओघळणारा. मी त्याला चावले.

नुसते दात लावले नाहीत. लचका तोडायचा म्हणून चावले. तोंडात मीठ आलं आणि दूध आलं. त्या "माय वं" म्हणून किंचाळल्या, पकड सुटली, बोंडलं भिंतीवर जाऊन आपटलं. मी पोर काढून घेतली आणि उठता उठता त्यांना लाथ मारली. कुठे लागली ते बघायला थांबले नाही. मला त्या क्षणी त्या मेल्या असत्या तरी चाललं असतं. हे मी आज शांतपणे लिहिते आहे, आणि खोटं लिहायचं असतं तर लिहायलाच बसले नसते.

शेजारच्या खोलीतल्या भाभीने रिक्षा थांबवली. रिक्षा सुटणार तोच सासूबाई अनवाणी धावत आल्या आणि माझ्या शेजारी चढल्या. पदरात हात गुंडाळलेला, पदर लाल. सिल्वासापर्यंत मी पोरीच्या तोंडावर फुंकर घालत होते, आणि त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "माल सडेल व्हता. माल सडेल व्हता." एका वळणावर मी म्हटलं, "आता बोललात तर रिक्षातून ढकलून देईन." 

दवाखान्यात पोरीला माझ्या हातातून ओढून नेलं. मांडीत सुई टोचली, त्याच वळीत. तोंडावर मास्क लावला. काही मिनिटांनी आतून रडणं ऐकू आलं, मोठं, खणखणीत, शिट्टीशिवाय. मी भिंतीला धरून खाली बसले आणि त्याच भिंतीवर डोकं आपटत राहिले, आनंदाने की कशाने कोण जाणे. तिकडे एका नर्सने सासूबाईंचा पदर सोडवला आणि विचारलं, "किसने काटा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कुत्ता," म्हणाल्या.

डॉक्टर बाई बाहेर आल्या. पोर बरी होती, एक-दोन दिवस ठेवणार होते. "पोटात फक्त ती पावडर जायला हवी. दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाटात एक उघडलेला डबा होता, निम्म्याहून कमी. तो त्यांनी दिला. उद्या दुपारपर्यंत पुरेल, पुढचं तुम्ही बघा.

सकाळी दुकान उघडायच्या वेळी मी मेडिकलच्या पायरीवर होते. नवरा पोरीजवळ थांबला होता. सासूबाई न सांगता माझ्या मागे आल्या होत्या, चार पावलं अंतर ठेवून. हाताला बँडेज, पायात दवाखान्यातल्या कुणाच्या तरी चपला.

काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं आणि शर्टाच्या बटणांवर हात ठेवला. "नथी, बेन. भगवाननी कसम." मी हात जोडले. हात जोडणं मला येत नाही, तरी जोडले. पोर दवाखान्यात आहे म्हटलं, चिठ्ठी पुढे केली, दुपारनंतर तिच्या पोटात घालायला काही नाही म्हटलं. तो खरंच कळवळल्यासारखा दिसला. "वापी देखो ना," म्हणाला.

मी वळले. सासूबाई वळल्या नाहीत. त्या काउंटरच्या टोकाशी, जिथून आत जायची फळी होती, तिथे उभ्या होत्या आणि नाक वर करून वास घेत होत्या. गोठ्यात शिरल्यावर घेतात तसा.

"हाऊच वास शे," त्या मला म्हणाल्या. "माल मझार शे."

माल आत आहे म्हणे. मला आधी कसलाच वास आला नाही. मग आलं. गोणपाट आणि नासके बटाटे. औषधांच्या वासाखालून, अगदी बारीक. त्यांनी त्या माणसाला काही विचारलं नाही. शटर ओढायची लोखंडी सळई दाराशी टेकवून ठेवलेली होती, ती त्यांनी डाव्या हाताने उचलली आणि काउंटरच्या काचेवर घातली. काच एकदम कोसळली. आतल्या तोंडाच्या पावडरी, साबण, टूथपेस्ट सगळं काचांत. तो माणूस ओरडत पुढे आला आणि त्याने त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे ढकललं. त्या पायरीवर आपटल्या.

मी त्याला धरलं. काल मी ज्या बाईला लाथ मारली होती तिला ह्याने ढकललं म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केस धरले, तोंड काउंटरवर दाबलं, काचा आहेत हे बघितलं नाही. त्याच्या भुवईतून रक्त आलं. सासूबाई तोवर उठून फळी वर करून आत गेल्या होत्या.

मागच्या खोलीत खोकं होतं. वर पेनाने कुणाचं तरी नाव लिहिलेलं. सात डबे. त्यातला एक वाटेत चेपून फुटला होता, म्हणून परत पाठवायला काढून ठेवलेला. वास त्याचा. बाकीचे सहा सीलबंद.

"किसी का बुक है!" तो माणूस भुवई दाबून ओरडत होता. "बड़े साहब के पोते का है. उसको भी वही बीमारी है!"

म्हणजे ते डबे दुसऱ्या एका बाळाचे होते. ते माझ्या ध्यानात आलं नाही असं म्हटलं तर सोपं जाईल. पण आलं होतं. त्या बाळाच्या अंगावर गांधी उठलेल्या मला दिसल्या, आणि मी सहाच्या सहा डबे ओढणीत घातले.

सासूबाईंनी माझी ओढणी धरली. मी म्हटलं, "सोडा." त्यांनी सोडली नाही. एक डबा काढून खोक्यात ठेवला. मग दुसरा. मी त्यांच्या हातावर फटका मारला, बँडेजवरच. त्यांनी डोळे मिटले, ओठ दाबले, आणि तिसराही काढून ठेवला.

"त्या पोरले बी लागी ना," त्या म्हणाल्या.

मी पैसे काचांवर टाकले आणि तीन डबे घेऊन निघाले. त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. असलेला माल नाही म्हणून सांगितल्याचं त्याला लपवायचं असावं. पुढे मुंबईहून दर आठवड्याला सिल्वासात येणारे एक शिक्षक भेटले, ते डबे आणायला लागले, आणि आमची वणवण थांबली. त्या दुसऱ्या बाळाचं काय झालं मला माहीत नाही. तीन डबे त्याला पोचले असतील असं मी धरून चालते.

सासूबाई वर्षभर राहिल्या. पावडरीचा चमचा त्यांच्याइतका सपाट मलाही जमला नाही. चावण्याविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही. मी माफी मागितली नाही. मनात यायचं, पण ओठांवर आलं की भांडणच यायचं.

तीन वर्षांनी डॉक्टर बाईंनी पोरीला दवाखान्यात बसवून चमचाभर दूध दिलं. मग दोन चमचे, मग वाटी. काही झालं नाही. पोर म्हणाली, "अजून." मी हसले, नवरा रडला. सासूबाई खास गावाहून आल्या होत्या, पण दूध द्यायची वेळ झाली तेव्हा त्या उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून.

आता पोर सात वर्षांची आहे. सुट्टीत आम्ही गावी जातो. गोठ्यात दोन म्हशी आहेत, गावातली पोरं अजून त्यांच्याकडे तांब्या घेऊन येतात, त्या भरून देतात. फक्त हिला देत नाहीत. हिने "आजी, दूध दे" म्हटलं की सांगतात, "तुन्ही मायले सांग." चार वर्षं हे चाललं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं म्हणतात, पण हे तोंड त्यांचं नव्हतंच.

गेल्या दिवाळीत पोर पेला घेऊन त्यांच्यासमोर गेली. धार काढून झालेली, बादली पुढ्यात, फेस अजून बसला नव्हता. त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि तोंड फिरवलं. पोरीने माझ्याकडे बघितलं. "आजीला मी आवडत नाही का?" तिने मला विचारलं, त्यांच्या देखत.

मला असा संताप आला की डोळ्यांपुढे काळं झालं. कुणावर ते सांगता येणार नाही. मी पेला हिसकावला, बादलीत बुडवून भरला आणि सासूबाईंचा उजवा हात धरला, त्या व्रणावरच.

"माले नही जमत," त्या म्हणाल्या. हात ओढायला लागल्या.

"जमेल," मी म्हटलं, आणि त्यांची बोटं पेल्याभोवती दाबून वळवली. जोरात दाबली. दुखलं असणार. त्या हात मागे ओढत होत्या, दूध माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. आमच्या दोघींच्या हातातला तो पेला मी ओढत पोरीच्या तोंडापर्यंत नेला. ती प्यायला लागली. सासूबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या, पापणी न हलवता, आणि रडत होत्या. पेला रिकामा होईपर्यंत मी तो हात सोडला नाही.